बनूबाईंनी न ऐकलेला उत्तररंग

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत भगवंत पाटोळ्यांचं कीर्तन पुरतं ऐकलं नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. एकच होतं, आणि ते त्यांच्याच घरात राहत होतं. त्यांची बायको, बनूबाई.

अर्धं मात्र ऐकलं होतं. कीर्तनाचे दोन भाग असतात. पहिला पूर्वरंग. त्यात कीर्तनकार शास्त्रातलं एक वचन घेतो आणि उलगडून दाखवतो. दुसरा उत्तररंग. त्यात त्या वचनाला धरून एक गोष्ट लावतो, गातो, नाचतो, हसवतो, रडवतो. वचन डोक्यात शिरतं ते पूर्वरंगात, पोटात उतरतं ते उत्तररंगात. आणि पूर्वरंग संपत आला की बनूबाई पदर खोचून चहा टाकायला उठायच्या. एकोणतीस वर्षं. घर कुणाचंही असो, पाहुणे वीस असोत की ऐंशी, बनूबाईंच्या हातचाच चहा पाहिजे, असा त्यांचा मान होता. मान असा, की बाईला बरोब्बर गोष्टीच्या तोंडाशी उठवायचं आणि स्टोव्हपाशी नेऊन बसवायचं.

स्टोव्हला पंप मारता मारता त्यांना बाहेरून हसणं ऐकू यायचं. मग एकदम शांतता. मग नाकं ओढल्याचे आवाज. बनूबाई चहा गाळता गाळता अंदाज बांधायच्या, आज गोष्टीत कुणीतरी मेलं असावं, नाहीतर हरवलेलं घरी आलं असावं.

घरी येऊन विचारलं, "पुढं काय सांगितलंत हो?", तर भगवंतराव म्हणायचे, "गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की शिळी होते." तालमीत ऐकावं म्हटलं, तर तालीम फक्त पूर्वरंगाची. "उत्तररंग प्रभू आयत्या वेळी देतो," असं त्यांचं म्हणणं. बायकांना विचारावं, तर त्या एकमेकींकडं बघायच्या. शेजारच्या भिमाबाई तर तोंडाला पदर लावून म्हणायच्या, "अगं बया! तुम्हाला ठाऊक नाही व्हय? तुम्हालाच?" बनूबाईंना वाटायचं, कीर्तनकाराची बायको असून माहीत नाही म्हणून ह्या हसतात. मग त्या घाईनं म्हणायच्या, "ठाऊक आहे की! न ठाऊक असायला काय झालं?" आणि विषय तिथंच मिटायचा.

एकोणनव्वद सालच्या जानेवारीत भगवंतरावांच्या गळ्याला लिंबाएवढी गाठ आली. अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात दोन खोल्या आणि पुढं अंगण असं घर बांधून दोघं राहत होती. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "काका, काढावी लागेल. आवाजाची गॅरंटी मी देणार नाही. राहील, किंवा जाईल. मंगळवारी ॲडमिट व्हा. तोपर्यंत घशाला आराम."

भगवंतरावांनी ह्यातला फक्त मंगळवार ऐकला.

"मंगळवारी ऑपरेशन आहे ना," बाहेर आल्याबरोबर ते म्हणाले, "मग रविवार मोकळा आहे. अंगणात कीर्तन ठेवू. विषय विपुल जीवन. ख्रिस्तानं आपल्याला नुसतं जीवन दिलं नाही, भरभरून दिलं."

"डॉक्टर आराम म्हणाले," बनूबाई म्हणाल्या.

"कीर्तनात मला आरामच वाटतो."

रिक्षात बनूबाई आवाज गेला तर काय होईल, ह्याचा विचार करत होत्या. पूर्वरंग त्यांना तोंडपाठ होते, ते कुठं जात नव्हते. पण उत्तररंग? एकोणतीस वर्षं एक माणूस शेकडो लोकांना रडवत आला आणि कशानं रडवतो ते आपल्याला कधी कळणारच नाही? अंबरनाथ मागं पडेपर्यंत त्यांचं ठरलं. ह्या रविवारी उठायचं नाही.

हे त्यांनी फक्त धाकट्या भावाला सांगितलं. जयदेव तबला वाजवायचा. दाजींचं प्रत्येक कीर्तन त्यानं वाजवलं होतं.

"जयद्या, ह्या खेपेला मी शेवटपर्यंत बसणार."

जयदेवाच्या हातातली हातोडी तबल्याच्या गट्ट्यावरून घसरली. "आक्का, नको."

"का नको?"

"म्हणजे... चहा?"

"चहाचं प्रभू बघेल. उत्तररंग देतो ना आयत्या वेळी, तसा चहा देईल."

जयदेवाच्या पोटात हे मावलं नाही. त्यानं भिमाबाईंना सांगितलं, आणि भिमाबाईंना सांगणं म्हणजे सगळ्या मंडळीला सांगणंच. दोनच माणसांपर्यंत बातमी गेली नाही. एक भगवंतराव. दुसरे आमचे नवे पाळकसाहेब. त्यांना येऊन सहाच महिने झाले होते आणि त्यांना अजून कुणी काही सांगत नसे.

रविवारी चार वाजता अंगण भरलं. एरवी पाच वाजेपर्यंत चपला काढणारे लोक साडेतीनलाच सतरंजीवर पुढची जागा धरून बसले होते. भगवंतरावांना धन्य वाटलं. धोतर, काळा कोट, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. पेटीचा सूर लागला आणि त्यांनी पद उचललं:

*ओंजळ माझी इवली देवा, दान तुझे रे अपार,*
*सांडले ते शेजाऱ्याचे, उरले तेही मज फार.*

आवाजाला थोडी खरखर होती, पण ती जुन्या जात्याची होती, पीठ बारीकच पडत होतं. मेंढवाड्याचं दार त्यांनी वर्णन केलं. दार लहान, कुरण मोठं. जो मेंढपाळ दारात आडवा झोपतो, त्याच्या मेंढरांना कुरणही त्याचंच आणि रात्रही त्याचीच. "मंडळी, चोर येतो तो न्यायला. आपला प्रभू आला तो द्यायला. आणि त्याचा हात कसा? आपल्या वाण्यासारखा मापाच्या काठावरून बोट फिरवणारा नव्हे!" लोक हसले. बनूबाईही हसल्या. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. त्या मांडी घालून, पदर सावरून, बायकांच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

पूर्वरंगाच्या शेवटी एक साकी असते, चालीवर म्हणायचं छोटंसं पद. ती म्हणत भगवंतराव बनूबाई बसल्या असतील तिकडं एक नजर टाकायचे. त्या उठलेल्या असायच्या. मग ते घसा खाकरून म्हणायचे, "आता एक गोष्ट सांगतो." घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. बनूबाईंचं उठणं हेच त्यांचं घड्याळ.

साकी झाली. भगवंतरावांनी पाहिलं. बनूबाई बसलेल्या.

त्यांना वाटलं, हिच्या लक्षात आलं नसेल. त्यांनी साकी पुन्हा घेतली, जरा मोठ्यानं. बनूबाईंनी टाळी दिली.

मग त्यांनी रानातल्या फुलांचा दृष्टांत घेतला. तो झाला. बनूबाई बसलेल्या. मग बारवीच्या धरणाचा घेतला. धरण भरलं म्हणून कुणाची तहान भागत नाही, दार उघडलं तर भागते. तोही झाला. सव्वा तास पूर्वरंगच चालला होता. मंडळीतलं एकही माणूस कंटाळलं नाही. उलट सगळे माना वळवून एकदा भगवंतरावांकडं आणि एकदा बनूबाईंकडं बघत होते, कबड्डीचा सामना बघावा तसे.

"दाजी," जयदेव तबल्यावरून पुटपुटला, "लावा की गोष्ट आता."

"थांब रे." भगवंतरावांनी घाम पुसला. "श्रोतेहो, घसे सुकले असतील. माझाही सुकला."

बनूबाईंनी शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि हात लांब करून पुढं ठेवला. त्या तयारीनं आल्या होत्या. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

भगवंतराव पाणी प्याले. मग त्यांना युक्ती सुचली, आणि ती सुचली नसती तर बरं झालं असतं. "मंडळी, प्रभू एकदा दोन बहिणींच्या घरी उतरला. थोरली कशी होती? पाहुणे आलेले पाहिले आणि उठली! लगेच उठली! रांधायला लागली! अशा माउलीवर प्रभूची प्रीती होती की नाही?"

"होती," बनूबाई खालूनच म्हणाल्या. "आणि धाकटी पायाशी बसून ऐकत होती. बसलेलीला प्रभूनं उठवलं नाही. हेही सांगा."

अंगणात असा हशा उठला की कुंपणावरचे कावळे उडाले. पाळकसाहेब तेवढे गोंधळले. त्यांनी बायकांच्या रांगेकडं वाकून हळू विचारलं, "चहाचं कुणी बघतंय का?"

"आज चहा जन्मात नको," भिमाबाई म्हणाल्या. कुणीच हललं नाही. तेव्हा तो भला तरुण माणूस स्वतःच उठला आणि स्वयंपाकघरात गेला. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.

"अहो," बनूबाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "आज मी उठणार नाही. मंगळवारी काय होईल ते त्यालाच ठाऊक. मला एकदा शेवट ऐकायचाय. तुम्ही पुढं चला."

भगवंतरावांनी चिपळ्या खाली केल्या. मंडळीकडं पाहिलं. सगळ्यांनी नजरा सतरंजीकडं वळवल्या. आतापर्यंतची त्यांची सगळी गंमत एकदम गळून पडली होती, कारण आता काय येणार ते बनूबाई सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"एक होता कीर्तनकार," भगवंतराव म्हणाले. "त्याला वाटायचं, विपुल जीवन काय ते आपल्या गळ्यात भरलंय. त्याच्या घरी माणसं दोन. रेशनकार्डावर नावं दोन. लेकरू झालं नाही."

बनूबाईंची मान खाली गेली.

"कीर्तन करायचा कीर्तनकार, पण संध्याकाळची घरची प्रार्थना करायची बाई. आणि तिची प्रार्थना कशी? अंबरनाथच्या फाटकात उभं राहून मालगाडी बघावी तशी! डबे मोजत बसा, शेवटचा येतच नाही! समोर ताट, आणि हिची नावं चालली. शहाडला पाय मोडून पडलेला किसन. बारवीकडून मोळी आणणारी नवसी. नवसीचा चांगो. चांगोची शेळी..."

"शेळीचं एकदाच घेतलं होतं," बनूबाईंनी मान वर केली. "तिला साप चावला होता."

"जगली का?" मागून कुणीतरी विचारलं.

"जगली. दोन करडं दिली."

"उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कापडवाल्याची आई," भगवंतराव पुढं म्हणाले. आता त्यांना थोडा दम आला होता आणि जयदेवानं खालून हलका ठेका धरला होता. "तुमची लेकरं, मंडळी. कुणाची परीक्षा, कुणाचा ताप. भिमाबाईंची सून, तिचं बाळंतपण. आणि ज्या फोरमननं त्या कीर्तनकाराला मुद्दाम रविवारची ड्यूटी लावली, तो फोरमन! बायकोमुलांसकट! फोरमनचं नाव आलं की कीर्तनकार जोरात आमेन म्हणून ते उडवून द्यायचा."

"मला कळायचं ते," बनूबाई म्हणाल्या.

"एका संध्याकाळी कीर्तनकाराला फार भूक लागली होती. ताटात आमटी गार होत होती..."

"पिठलं होतं."

"पिठलं गार होत होतं. त्यानं मालगाडीला मधेच लाल दिवा दाखवला. आमेन म्हणाला आणि ताट ओढलं. बाईनं आणखी वाढलं. तो जेवला, हात धुवायला मागल्या दारी गेला, तर आत पुटपुट ऐकू आली. डोकावून बघतो, तर बाई चुलीपुढं बसलेली. उरलेली नावं निखाऱ्यांपाशी बसून घेत होती. एकेक करून. घाई नाही. त्यात फोरमनही होता. आणि शेवटी एक नाव आलं, ह्या भुकेल्या माणसाला राग येऊ देऊ नकोस, ह्याचा गळा सांभाळ. मग आमेन."

ठेका थांबला. जयदेवाचे दोन्ही हात तबल्यावर तसेच राहिले.

"मंडळी, तो कीर्तनकार गावोगाव गात होता, प्रभूनं भरभरून दिलं. आणि घरी येऊन छताकडं बघत म्हणत होता, मला मात्र दिलं नाहीस, माझं घर रिकामं ठेवलंस. त्या संध्याकाळी तो मागल्या दारात उभा राहिला आणि त्याला आत यायला वाट मिळेना. एवढी माणसं होती आत. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत माणसं. शेळीसुद्धा. आपल्या घरात माणसं मावत नाहीत, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. विपुल जीवन कुठं असतं हे तो लोकांना सांगत फिरत होता, आणि ते त्याच्या घरी पिठलं ढवळत होतं."

त्यांना पद उचलायचं होतं. सूर लागला नाही. तेव्हा मंडळीनंच उचललं, नाक ओढत, बेसूर, पण पोटातून. भगवंतराव उभे राहून ऐकत होते. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कीर्तनात ते नुसते ऐकत होते. एवढ्यात पाळकसाहेब चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. सगळे रडताना पाहून त्यांना वाटलं आपल्यालाच उशीर झाला. चहा लोकांनी घेतला. चांगला झाला होता असं कुणी म्हणालं नाही.

लोक पांगल्यावर बनूबाईंनी सतरंजी झटकली. "झालं? हाच उत्तररंग?"

"हाच."

"मला वाटायचं, कुणा राजाची गोष्ट सांगता. एवढ्यासाठी मी एकोणतीस वर्षं हळहळले होय?" मग जरा थांबून, "दर वेळी माझीच?"

"नाताळ सोडून, आक्का," तबला पिशवीत घालता घालता जयदेव म्हणाला. "नाताळात प्रभूची."

"तू गप. आणि ह्या सगळ्या बायकांना ठाऊक? आणि मी सांगायची, ठाऊक आहे की!" बनूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या माघारी कशाला सांगितलंत? तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटायची," साठ वर्षांचे भगवंतराव म्हणाले. "आज दोन दृष्टांत जास्तीचे सांगितले ते काय हौस म्हणून?"

बनूबाईंनी सतरंजीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "बाकीचे?" त्या म्हणाल्या.

"बाकीचे काय?"

"बाकीचे उत्तररंग. मंगळवारच्या आत मला सगळे पाहिजेत. साठ सालापासून."

"अगं, डॉक्टरांनी आराम..."

"कीर्तनात तुम्हाला आरामच वाटतो."

सोमवारी हेंद्रेपाड्यातल्या त्या घराचं दार दिवसभर उघडं होतं आणि आत दोन माणसं भांडत होती. भगवंतराव कुजबुजत्या आवाजात सांगत. बनूबाई तांदूळ निवडत चुका काढत. पासष्ट सालची गोष्ट अंबरनाथची नव्हतीच, ती सोनिवलीच्या लग्नातली होती. आणि तिथल्या एका बाईला बनूबाईंनी लुगडं दिलं नव्हतं, उसनं दिलं होतं, ती परत द्यायला आलीच नाही. "मग ते दिल्यासारखंच," भगवंतराव म्हणाले. "तुमच्या कीर्तनात," बनूबाई म्हणाल्या, "माझं लुगडं होतं ते." दिवे लागायच्या वेळेला चौऱ्याहत्तर साल आलं आणि भगवंतरावांचा कुजबुजता आवाजही संपला. त्या दिवशीच्या प्रार्थनेत त्यांनी एकही नाव उडवलं नाही. बोलताच येत नव्हतं, पण तरीही.

मंगळवारी गाठ निघाली. गळ्याला पांढरी पट्टी. डॉक्टर म्हणाले, आवाजाचं आता काही विचारू नका, टाके निघाल्यावर बघू. आठ दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही.

बनूबाई खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसल्या होत्या. भगवंतराव त्यांच्याकडं बघत होते. त्या बघण्यात एक भीती होती, आणि ती आवाजाचीच असावी.

"पंचाहत्तरपासूनचे राहिले," बनूबाई म्हणाल्या. "तुमचा पूर्वरंग मला पाठ आहे. पुढची गोष्ट माझी आहे, ती तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक. दोन्ही जोडायचंच राहिलं ना? मी जोडते. ऐका."

आणि त्यांनी सुरुवात केली. पेटी नाही, तबला नाही, चिपळ्याही नाहीत. पहिल्या दिवशी हळू आवाजात, फक्त खाटेपुरतं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खाटेवरचे एक सिंधी काका कुशीवर वळले आणि म्हणाले, "माई, जरा ज़ोर से. फिर क्या हुआ?" मग बनूबाईंनी मराठीत हिंदी मिसळली, हिंदीत मराठी, आणि जिथं दोन्ही अडलं तिथं गायल्या. वॉर्डातली सिस्टर दोनदा रागवायला आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा औषधाची ट्रॉली धरून उभीच राहिली.

अठ्ठ्याहत्तर सालच्या गोष्टीत बनूबाई सांगत होत्या, की मोठ्या पावसात घरात अकरा माणसं आसऱ्याला आली आणि आमच्या ह्यांनी स्वतःची खाट म्हाताऱ्या गयाबाईला दिली, स्वतः रात्रभर दारात बसले. भगवंतरावांनी डोळे विस्फारले. त्यांनी एक बोट वर केलं. खाट त्यांनी दिली नव्हती. बनूबाईंनीच त्यांना उठवून खाली बसवलं होतं आणि ते रात्रभर कुरकुरले होते. ते मान हलवून नाही म्हणू लागले.

बनूबाईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवून मान उशीला टेकवली.

"मान हलवायची नाही, टाके आहेत," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आमेन म्हणायचं असेल तर डोळे मिटा." मग सिंधी काकांकडं वळल्या. "हां, तो सुनो काका, क्या हुआ..."

भगवंतरावांनी थोडा वेळ छताकडं पाहिलं. मग डोळे मिटले.